घड्याळ कुणाच्या हातात आहे? मानसशास्त्रातले प्रयोग आणि प्रयोगकर्त्याची इच्छा

ओसरी

एम.ए.च्या मुलांचे प्रकल्प तपासायला आले की मला माझं बी.ए.चं जर्नल आठवतं. म्यूलर-लायर भ्रमाचा प्रयोग होता. लाकडी पट्टीवर दोन रेषा, एकीच्या टोकांचे बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर. एक रेषा सरकती. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्याने, ती सरकवत न्यायची आणि दोन्ही सारख्या लांबीच्या वाटल्या की थांबायचं. मोजपट्टी मागच्या बाजूला, ती फक्त प्रयोगकर्त्याला दिसते. मी प्रयोगकर्ती होते आणि समोर माझी बाकावरची मैत्रीण. चूक साधारण किती मिलिमीटर यायला हवी हे मला आधीच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलवरून पाठ होतं. मैत्रीण जवळजवळ बरोबर जागी थांबली की माझ्या तोंडून निघायचं, "नीट बघ हं." ती पुन्हा सरकवायची. हवी तेवढी चुकली की मी काही न बोलता आकडा लिहून घ्यायची.

त्या दिवशी मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. पट्टीवर जो दिसला तोच लिहिला. तरी ते जर्नल खोटं होतं, आणि हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळलं ते हान्स नावाच्या घोड्यामुळे.

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी या घोड्याला फळ्यापुढे उभं करून कित्येक वर्षं शिकवलं. बेरीज विचारा, तारीख विचारा, हान्स खुराने ठोके देऊन उत्तर द्यायचा. म्हातारा तिकीट लावत नव्हता, त्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता. १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्यासह जाणकारांची एक समिती बसली आणि तिने सांगितलं, यात हातचलाखी नाही. ते खरंच होतं. हातचलाखी नव्हतीच.

श्टुम्फ यांचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट याने मग एक साधी गोष्ट केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था. एका माणसाने घोड्याच्या कानात एक आकडा सांगायचा, दुसऱ्याने दुसरा. बेरीज दोघांनाही ठाऊक नाही. हान्स चुकायला लागला. विचारणारा दिसणार नाही अशी झापडं लावली, तरी चुकायला लागला. बारकाईने पाहिल्यावर फुंग्स्टच्या लक्षात आलं, की प्रश्न विचारून माणूस खुराकडे बघायला जरासा वाकतो, आणि बरोबर ठोका पडला की त्याचं डोकं केसभर वर येतं. हान्स त्या क्षणी थांबत होता. बेरीज येत होती माणसाला, घोड्याला माणूस येत होता.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. हे सगळं उमगल्यावरसुद्धा फुंग्स्टला स्वतःचं डोकं आवरता येईना. इशारा द्यायचा नाही असं ठरवून उभा राहिला तरी तो दिला जायचाच. म्हणजे "मी काळजी घेते, मी तटस्थ आहे" हे वाक्य प्रयोगात काहीच कामाचं नाही. व्यवस्थाच अशी लावायला हवी, की मला वाटलं तरी माझी इच्छा पलीकडे पोचू नये.

आता जवळचं उदाहरण. १९९६ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातले जॉन बार्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना उलटसुलट शब्दांची वाक्यं जुळवायला दिली. एका गटाच्या शब्दांत म्हातारपणाशी जोडलेले शब्द पेरलेले होते. काम संपवून मुलं बोळातून चालत निघाली की त्यांची वेळ मोजायची. म्हातारपणाचे शब्द वाचलेली मुलं हळू चालली. ३० जणांवर हा प्रयोग, मग आणखी ३० जणांवर. तो पाठ्यपुस्तकांत गेला, मीही वर्गात शिकवला. २०१२ मध्ये ब्रसेल्समध्ये स्टेफान दोयेन आणि सहकाऱ्यांनी १२० जण घेतले आणि वेळ मोजायला अवरक्त किरणांचे संवेदक लावले. फरक दिसला नाही. मग त्यांनी दुसरा प्रयोग केला. या वेळी प्रयोगकर्तेच दोन प्रकारचे. काहींना सांगितलं, शब्द वाचून लोक हळू चालतील. काहींना सांगितलं, भरभर चालतील. हळू चालण्याचा परिणाम तेव्हाच दिसला, जेव्हा प्रयोगकर्त्यालाच तो दिसेल असं वाटत होतं.

बार्ग यांना ही टीका मान्य नव्हती, त्यांनी जोरदार उत्तर दिलं. हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. पण वर्गात मी आता दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी शिकवते.

या मंचावर संशोधन केलेले, करणारे बरेच जण आहेत. तुमच्या कामात घड्याळ कुणाच्या हातात असतं, लिहा.

मात्रा

वाचतोय. ताई, औषधांच्या चाचण्यांत आम्ही हे रोज बघतो. गोळीत काय आहे हे ना रुग्णाला माहीत, ना देणाऱ्याला. सांकेतिक क्रमांकांची यादी तिसऱ्याकडे बंद. लोकांना वाटतं हा रुग्णावरचा अविश्वास आहे. खरं तर आधी स्वतःपासून राखण असते. पण मानसशास्त्रात हे कसं जमवता? ध्यान करणाऱ्याला आपण ध्यान करतोय हे कळणारच ना.

नवी_वही

ओसरी मॅडम, अगदी वेळेवर धागा आला. मी एम.ए. भाग दोनला आहे आणि माझा प्रकल्प हाच आहे, म्हणून जरा सविस्तर विचारते.

विषय : प्राणायामाचा आठवीतल्या मुलांच्या अवधानावर परिणाम. आमच्या गावच्या शाळेत परवानगी मिळाली आहे. अ तुकडीला मी रोज सकाळी वीस मिनिटं प्राणायाम घेणार, सहा आठवडे. ब तुकडी नियंत्रित गट, त्यांना काही नाही. शेवटी दोन्ही तुकड्यांना अक्षर खोडण्याची चाचणी देणार. छापील अक्षरांच्या ओळींमधलं ठरावीक अक्षर शोधून खोडायचं, वेळ ठरलेली. मग दोन्ही सरासऱ्यांत फरक आहे का ते बघणार. मार्गदर्शक म्हणाले ठीक आहे. तुमचा धागा वाचल्यावर मात्र रात्री झोप नाही लागली. शिकवणार मी, चाचणी घेणार मी, वेळ लावणार मी, तपासणार पण मीच.

खडूफळा

पहिला प्रश्न : अ आणि ब तुकड्या तुमच्या शाळेत कशा पाडतात?

नवी_वही

सातवीच्या मार्कांवरून.

खडूफळा

मग प्राणायाम सुरू व्हायच्या आधीच निकाल लागला! हुशार मुलं अ मध्ये, आणि प्राणायामही अ ला. सहा आठवड्यांनी अ तुकडी पुढे दिसेल. ती प्राणायामाने पुढे की मुळातच पुढे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शिवाय अ ला बहुतेक चांगले शिक्षक देतात, वर्ग कोपऱ्यातला शांत असतो, आईवडील अभ्यास घेणारे असतात. पंचवीस वर्षं शाळेत घालवल्यावर सांगतो, तुकडी हा एक फरक नसतो, फरकांचं गाठोडं असतं.

सातबारा

मी कृषी महाविद्यालयातला, मानसशास्त्रातलं मला कळत नाही. पण हा प्रश्न आमच्या रानातला आहे.

नवी_वही, समजा शेत उताराचं आहे. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला ओल टिकते. नवं बियाणं खालच्या अर्ध्यात पेरलं आणि जुनं वरच्या अर्ध्यात, तर नवं जिंकणारच. ते बियाणं नाही, ओल जिंकली. तुझी अ तुकडी म्हणजे खालचं अर्धं रान. म्हणून आम्ही काय करतो, तर उताराला आडवे पट्टे पाडतो. एका पट्ट्यात ओल साधारण सारखी. मग प्रत्येक पट्ट्याच्या आत दोन्ही बियाणी घालायची, आणि कुठल्या वाफ्यात कुठलं हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. आपल्या मर्जीने अजिबात नाही. मर्जीने ठरवलं की नकळत चांगला वाफा आवडत्या बियाण्याला जातो.

ही पद्धत बसवली ती इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतकी केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी. त्यांची चहाची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. एक बाई म्हणाल्या, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते. फिशर यांचा प्रयोग असा : आठ कप, चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, क्रम यादृच्छिक. बाईंनी दूध-आधीचे चार ओळखायचे. आठातून चार निवडायचे ७० प्रकार होतात आणि त्यातला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे काही न कळता नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता ७० त १. हे गणित कशाच्या जोरावर उभं आहे? क्रम चिठ्ठीने ठरला, एवढ्याच जोरावर. दूध-आधीचे कप ट्रेच्या एका बाजूला ठेवले असते, तर ७० ला काही अर्थ उरला नसता.

तेव्हा अ-ब विसर. दोन्ही तुकड्यांची मुलं एकत्र धर. आधी एकदा तीच अक्षरांची चाचणी घे, गुणांप्रमाणे उतरती यादी कर, आणि लागून येणाऱ्या दोघादोघांच्या जोड्या पाड. प्रत्येक जोडीत नाणं उडव. तुझे आडवे पट्टे तयार.

ओसरी

सातबारा, इतकं सोपं करून मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. उताराचं शेत मी उचलणार आहे.

नवी_वही, तुला 'तू' म्हणते, चालेल ना? आता ब गटाचं. "त्यांना काही नाही" हे नको. वीस मिनिटं सकाळी बाहेरच्या ताईने येऊन लक्ष देणं, रांगेत शांत बसवणं, कौतुकाने बोलणं, यानेसुद्धा मुलं बदलतात. मग प्राणायामाचा परिणाम कोणता आणि ताईचा कोणता? दुसऱ्या गटालाही तेवढीच वीस मिनिटं, तेवढीच शांतता आणि तूच समोर हवीस, फक्त श्वासाचं काम सोडून. गोष्ट वाचून दाखव, किंवा चित्र रंगवू दे.

आणि दोन्ही गटांना सरावाचा फायदा मिळतो हे ध्यानात ठेव. तोच अक्षरांचा कागद दुसऱ्यांदा दिला की हात आपोआप भरभर चालतो. दोन वेगळे कागद कर. अर्ध्या मुलांना आधी पहिला, मग दुसरा, अर्ध्यांना उलट. म्यूलर-लायरच्या प्रयोगात आपण सरकती रेषा कधी डावीकडून तर कधी उजवीकडून, कधी आखूडपासून तर कधी लांबपासून आणतो, ते याच कारणाने. जर्नलमध्ये आपण तो तक्ता भरतो, पण तो कशासाठी हे फारसं कुणी विचारत नाही.

मात्रा, तुमचा प्रश्न रास्त आहे. प्राणायाम करणाऱ्या मुलाला अंधारात ठेवता येत नाही. पण वेळ लावणाऱ्याला ठेवता येतं, कागद तपासणाऱ्याला ठेवता येतं. एक दार बंद होत नाही म्हणून बाकीची सताड उघडी टाकायची नाहीत.

उंबरठा

सगळं वाचलं. तरी मला मूळ गोष्टच पटत नाही. माणूस म्हणजे वाफा नाही आणि कपही नाही. माझ्या वडिलांची वर्षानुवर्षांची पाठदुखी ध्यानाने गेली, घरातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना कुठला नियंत्रित गट लावायचा होता? हजारो लोकांचा अनुभव एका बाजूला आणि चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूला, मी अनुभवाच्या बाजूने.

ओसरी

उंबरठा, तुमच्या वडिलांना आराम पडला यात मला तीळमात्र शंका नाही, आणि ऐकून बरं वाटलं. प्रयोग तो आराम खोडत नाही. प्रयोग एवढंच विचारतो, आराम कशाने पडला?

१७८४ मधली पॅरिसची हकीकत सांगते. फ्रान्झ मेस्मर नावाचे डॉक्टर आणि त्यांचे शिष्य "प्राणी-चुंबकत्वाने", म्हणजे त्यांच्या मते असलेल्या एका अदृश्य शक्तीने, रोगी बरे करत होते. लोकांना झटके यायचे, ते रडायचे, बरे होऊन घरी जायचे. त्यांचा अनुभव शंभर टक्के खरा होता. राजाने चौकशी समिती नेमली, तीत अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेत मेस्मर यांच्या एका शिष्याने जर्दाळूच्या एका झाडात ते चुंबकत्व भरलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं आणि एकेका झाडापाशी उभं केलं. त्याला घाम फुटला, खोकला आला, डोकं जड झालं, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. चुंबकत्व भरलेलं झाड वेगळंच होतं. तो तिथवर पोचलाही नव्हता.

तो मुलगा सोंग करत नव्हता. त्याची शुद्ध खरोखरच हरपली होती. पण झाडामुळे नाही, अपेक्षेमुळे. डोळ्यांवरची पट्टी नसती तर हा भेद कुणालाच कळला नसता, त्या मुलालाही नाही.

वडिलांना ज्याने आराम पडला ते ध्यान असेल, नियमित बसणं-उठणं असेल, दुखणं आपोआप ओसरलं असेल. एका माणसाच्या बाबतीत हे वेगळं करता येत नाही, म्हणून पुष्कळ माणसं आणि चिठ्ठ्या लागतात. दुसऱ्या कुणाच्या वडिलांना आपण जे सुचवणार, ते नेमकं काय हे कळावं म्हणून.

उंबरठा

मुलाची गोष्ट माहीत नव्हती. विचार करतो.

खडूफळा

"आपल्या अपेक्षेने मूल घडतं" हे आम्हाला शिक्षक-प्रशिक्षणात वेदवाक्यासारखं शिकवलं होतं. रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा अभ्यास. शिक्षकांना सांगितलं, ही ठरावीक मुलं यंदा बुद्धीने झेप घेतील. ती नावं प्रत्यक्षात चिठ्ठीने काढलेली. वर्षाअखेरीस त्याच मुलांचा बुद्ध्यांक वाढला. यावर तुमचं मत काय? मी पंचवीस वर्षं यावर विश्वास ठेवून शिकवलं आहे.

सरासरी

संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून यात पडतो.

खडूफळा, त्या अभ्यासाची रचना चांगली होती, चिठ्ठीने नावं काढणं हेच तिचं बळ. पण १९६८ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातच दिसत होतं, की ठळक वाढ फक्त पहिली-दुसरीच्या मुलांत आहे, वरच्या इयत्तांत तसं चित्र नाही. आणि वापरलेली चाचणी एवढ्या लहान मुलांसाठी नीट नव्हती, असं रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी लगेच दाखवलं. मोजपट्टीच डळमळीत असेल तर चिठ्ठ्या कितीही काटेकोर टाकल्या तरी उपयोग नाही. तुम्ही मुलांवर विश्वास ठेवून शिकवलंत ते योग्यच केलंत, त्याला बुद्ध्यांकाच्या आकड्याची गरज नाही.

रोझेन्थाल यांचा त्याआधीचा उंदरांचा प्रयोग मला जास्त भक्कम वाटतो. १९६३ मध्ये त्यांनी आणि कर्मिट फोड यांनी १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. अर्ध्यांना सांगितलं, तुमचे उंदीर हुशार वंशातले. अर्ध्यांना सांगितलं, मंद वंशातले. उंदीर सगळे सारखेच होते. तरी चक्रव्यूहात "हुशार" उंदीर पुढे गेले. विद्यार्थ्यांनी नंतर सांगितलं, की हुशार उंदरांना आम्ही जास्त हळुवारपणे हाताळत होतो.

आता नवी_वहीसाठी. ओसरीताईंनी प्रयोग चालू असतानाची दारं सांगितली. एक मोठं दार नंतर उघडतं, आकडे हातात आल्यावर. समजा फरक आला नाही. मग वाटेल, जी मुलं चार दिवस गैरहजर होती ती वगळून बघू. फक्त मुली घेऊन बघू. बरोबर खोडलेल्या अक्षरांऐवजी चुका मोजून बघू. अजून दहा मुलं घेऊ. यातलं एकेक पाऊल निर्दोष दिसतं. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन यांनी दाखवलं, की अशी चारच मोकळीक एकत्र घेतली तर मुळात काहीच परिणाम नसताना "परिणाम सापडला" असं म्हणायची शक्यता ५ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर जाते. त्यांनी तर ठराविक गाणं ऐकल्याने माणसाचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी होतं, हे रीतसर आकडेमोडीने सिद्ध करून दाखवलं. मनःस्थिती नव्हे, जन्मतारखेचं वय! अशक्य गोष्ट प्रचलित नियमांत राहून सिद्ध होते, हेच त्यांना दाखवायचं होतं.

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा निष्कर्ष आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थ होता, म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. बाकीचे सगळे खोटे असा याचा अर्थ नाही. एका फेरीवरून तेही म्हणता येत नाही. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या विद्यार्थ्यांसारखंच, प्रामाणिकपणे, नंतरचं दार उघडं ठेवलं असणार, असं मला वाटतं.

उपाय सोपा आहे. पहिल्या मुलाचा पहिला कागद हातात घ्यायच्या आधी लिहून काढ : किती मुलं, कोणता आकडा मोजणार, किती दिवस गैरहजर असेल तर वगळणार, कोणती संख्याशास्त्रीय कसोटी. तारीख घाल, सही कर, लिफाफा बंद करून मार्गदर्शकांकडे दे. जगभरात आता हे संकेतस्थळांवर नोंदवतात. तुला लिफाफाही पुरेल.

मात्रा

+१. लिफाफ्याची कल्पना फार आवडली.

खडूफळा

सरासरी, आभार. थोडं दुखलं, पण बरं झालं.

आणखी एक, शाळेतलं. आमच्याकडे मुलं "सर म्हणाले" म्हटल्यावर काहीही करतात. बाहेरच्या ताई प्राणायाम शिकवतात आणि मग त्याच ताई कागद वाटतात. मुलांना लगेच कळतं, ताईंना काय हवंय. ती जीव तोडून अक्षरं खोडतील. रंगवणारी मुलं मात्र तेवढा जोर लावणार नाहीत.

ओसरी

खडूफळा, तुम्ही जे सांगताय त्यावर मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये लिहून ठेवलंय. त्यांना लोक कंटाळून सोडून देतील असं निरर्थक काम हवं होतं. त्यांनी प्रयुक्तांपुढे दोन हजार कागद ठेवले, प्रत्येकावर २२४ बेरजा, आणि "करत राहा, मी येईन" म्हणून निघून गेले. साडेपाच तासांनी कंटाळले ते प्रयोग घेणारे, लोक बसूनच. मग प्रत्येक कागद पूर्ण झाला की त्याचे निदान बत्तीस तुकडे करून फेका आणि पुढचा घ्या, असं सांगितलं. तरीही लोक तासन्‌तास करत राहिले. विचारल्यावर म्हणाले, यामागे काहीतरी महत्त्वाचा हेतू असणार. अमेरिकेतली मोठी माणसं ही, आपली आठवीची मुलं तर सरांना नमस्कार करून बाकावर बसतात.

तेव्हा नवी_वही, चाचणीच्या दिवशी तू शाळेत नसावंस हेच बरं. मुलांना तुझा चेहरा दिसू नये.

नवी_वही

सगळ्यांचे खूप खूप आभार. मार्गदर्शकांशी बोलले, ते लगेच हो म्हणाले. नवी आखणी अशी झाली :

दोन्ही तुकड्या मिळून ज्यांच्या पालकांनी संमती दिली ती चाळीस मुलं. पूर्वचाचणी झाली. गुणांप्रमाणे वीस जोड्या पाडल्या. एक गट प्राणायाम, दुसरा रंगकाम, दोन्ही माझ्याकडेच, वेगवेगळ्या वेळी, आणि वेळा दर आठवड्याला आलटून पालटून. शेवटची चाचणी माझी वर्गमैत्रीण घेणार. तिला कोण कुठल्या गटात हे ठाऊक नसेल. कागदांवर नावं नाहीत, क्रमांक. क्रमांकांची यादी शाळेच्या कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे. तपासणी दुसऱ्या दोघींकडे. लिफाफा काल मार्गदर्शकांच्या टेबलाच्या खणात गेला. परिणाम निघाला तर रंगकामवाल्या गटालाही नंतर सहा आठवडे प्राणायाम द्यायचा, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. ते मला फार आवडलं.

एक विचारायचं राहिलं. मुलांनी मला विचारलं की हे कशासाठी, तर काय सांगू? खोटं नाही बोलवत.

ओसरी

खोटं बोलूच नकोस. "सकाळी शांत बसून केलेल्या वेगवेगळ्या गोष्टींचा अभ्यासाला काही उपयोग होतो का, हे आम्ही बघतोय" हे दोन्ही गटांना सांग. ते खरंही आहे, आणि कुणाचा गट जिंकायला हवा हे त्यातून कळत नाही. सगळं संपल्यावर एक दिवस ठेव आणि पूर्ण काय ते मुलांना सांगून टाक. आठवीच्या मुलांना ते नीट कळतं.

सातबारा

नाणं कुणी उडवलं?

नवी_वही

नाण्याऐवजी चिठ्ठ्या केल्या. आज दुपारी, मुख्याध्यापकांच्या खोलीत. शिपाईमामांनी चिठ्ठ्या काढल्या आणि मी वहीत उतरवत होते.

अकराव्या जोडीत एक मुलगा आहे, बाकावर एक मिनिट बसत नाही, पूर्वचाचणीत अर्धा वेळ खिडकीबाहेर बघत होता. त्याची जोडीदार अगदी शांत मुलगी. मामांनी चिठ्ठी उघडली : मुलगा प्राणायामात. आणि मामा आपणहून म्हणाले, "ताई, हा तिथं टिकायचा नाही. बदलू का? कुणाला कळतंय."

खरं सांगते, पेन वहीवर टेकलं होतं आणि हात थांबला. माझ्या मनात तेच आलं होतं, मामांच्या आधी. खोलीत आणखी कुणीच नव्हतं. मग मी मामांना म्हटलं, "नको, आलंय तसंच वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. मी लिहिलं. जोडी अकरा, प्राणायाम, आणि मुलाचा क्रमांक.

सोमवारपासून सुरू.

ओसरी

निकाल काहीही येवो, याच धाग्यावर लिही. फरक नाही आला तरी, आणि तेव्हा तर नक्कीच.